दोन शब्दांचे वजन

मी मराठीचा अध्यापक; कायद्याशी माझा संबंध शब्दांपुरताच. परवा एका विद्यार्थ्याने आजोबांच्या ट्रंकेतली जुनी नोटीस दाखवली. त्यांचे गाव धरणाखाली जायचे होते, तेव्हा ती चावडीवर लावली होती. माझी नजर खिळली ती दोन शब्दांवर : 'सार्वजनिक प्रयोजन'!

१८९४ च्या भूसंपादन कायद्याचे सारे बळ याच शब्दांत होते. धरण असो वा रस्ता, सरकार जमिनीचे मोल देई. पण तिच्यावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराचे त्या कायद्याने काहीच देणे लागत नसे. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली. आणि देशाचा भूसंपादनाचा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्या मजुराचे पोट मुख्यतः त्या जमिनीवर होते, त्याचे घरही आता 'बाधित कुटुंब' ठरते. तेवढ्यासाठी, वाचकहो, एकशेवीस वर्षे लागली!

"आजोबांची जमीन किती गेली रे?" मी विचारले.

"जमीन कुठली, सर? ते दुसऱ्याच्या शेतावर गडी होते."

"मग ही नोटीस का जपली?"

"गावाचे नाव तेवढे हिच्यावर उरले आहे."