विकतचा धूर

मुलाने विजेवरचा स्मोकर आणला आणि मला आई आठवली. चुलीच्या धुराने तिचे डोळे सदा लाल असत. आता हडपसरच्या गच्चीवर आम्ही पैसे मोजून धूर करणार!

बँकेतल्या सवयीने मी माहितीपुस्तिका आधी वाचली. वीज फक्त कॉइल तापवते. धूर लाकडाच्या ढलप्यांचा. त्या आंब्याच्या, पेरूच्या चालतात. रंगवलेल्या फळीच्या कदापि नाहीत. प्लगला अर्थिंग हवे, जागा उघडी हवी. पहिल्यांदा रिकामाच तापवायचा. मग ११० अंशांवर कोंबडी सावकाश शिजली. आत ७४ अंश भरल्यावरच उतरवली.

धूर वर निघून गेला. बँकेत मी किती जणांची घरकर्जे मंजूर केली! आईच्या स्वयंपाकघराला एक धुराडे हवे, हे मात्र मला कधी सुचले नाही.