शाळेतील मत्स्यपात्र : सोबत्यांची निवड

वर्गात काचेच्या टाकीत मासे पाळावयाचे झाल्यास शिक्षकबंधुभगिनींनी केवळ रंग पाहून निवड करू नये. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या त्याचे भक्ष्य होतो, हा पहिला नियम होय. मुले ओढ्यातून मरळीचे पिल्लू हौसेने आणतात. वाढताच ते सोबत्यांना गिळते. मुलास न रागावता ते टाकीत घालण्यापूर्वीच त्याच ओढ्यात सोडावयास सांगावे.

दुसरा नियम स्वभावाचा. फायटर जातीचे दोन नर एकमेकांस घायाळ करतात. टायगर बार्ब लांब परांच्या माशांचे पर कुरतडतो. तिसरा नियम पाण्याचा. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, गप्पीला उबदार. म्हणून त्यांस एकत्र ठेवू नये.

आरंभी गप्पी व झेब्रा डॅनिओ ही निवड सोयीची. दोन्ही लहान व काटक आहेत. डॅनिओ थव्याने राहतो, म्हणून तो निदान ६ तरी असावा. गप्पींची वीण झपाट्याने वाढते. जास्त झालेले मासे ओढ्यात मात्र सोडू नयेत.

एखादा मासा दगावल्यास तो गुपचूप काढून टाकू नये. मुलांसह कारण शोधावे. मुक्या जिवाची निवड आपण केली, तेव्हा त्याचे दायित्वही आपलेच, हा धडा पुस्तकाबाहेरचा आहे.