बॅरी सँडर्सचा १९८८ चा मोसम

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू काखोटीला मारून बचावफळीतून पळत सुटतो तो रनिंग बॅक. ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स पहिली दोन वर्षं थर्मन थॉमसच्या सावलीत राखीव होता. थॉमस व्यावसायिक लीगमध्ये (एनएफएल) गेला आणि १९८८ मध्ये या बुटक्या (५ फूट ८ इंच!) पोराने ११ सामन्यांत २,६२८ यार्ड पळून ३७ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) केले. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी त्याला जाहीर झाली तेव्हा स्वारी सामन्यासाठी टोकियोत होती. तिथे टेक्सास टेकविरुद्ध ३३२ यार्ड! मोसमाअखेरच्या हॉलिडे बोल सामन्यातले २२२ यार्ड तर २,६२८ च्या हिशेबात नाहीतच, तेव्हा बोल सामन्यांचे आकडे अधिकृत नोंदीत धरत नसत. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन या आकड्याच्या जवळ, २,५८७ यार्डांपर्यंत पोहोचला खरा, पण १४ सामने खेळून.