रोडटच दुकान, पण रोडच गेला तर?



गाळा बघायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रोडटच आहे का?" 'हो' म्हटलं की जास्तीचं डिपॉझिट, जास्तीचं भाडं, सगळं मान्य! पण तो रोड आपला नसतो. उद्या तोच हलला तर?

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण बघा. तिथे बंदराच्या काठाने एक दुमजली फ्रीवे होता, एम्बार्काडेरो फ्रीवे. १९५९ मध्ये सुरू झालेला, पुढे स्टेट रूट ४८० म्हणून ओळखला जाणारा. तो थेट गोल्डन गेट पुलाच्या रस्त्याला जोडायचा होता. पण लोकांनी विरोध केला आणि काठावरचं काम जेमतेम दोन किलोमीटरवर थांबलं.

रस्ता छोटा, पण चायनाटाउनच्या दुकानदारांसाठी तो मोठा आधार होता. फ्रीवेवरून खाली उतरलं की बाजार अगदी जवळ.

१७ ऑक्टोबर १९८९ ला मोठा भूकंप झाला आणि फ्रीवे बंद पडला. चायनाटाउनचं गिऱ्हाईक घटलं. "रस्ता दुरुस्त करा," असं व्यापारी म्हणत होते. महापौर आर्ट अ‍ॅग्नोस मात्र तो पाडण्याच्या बाजूने उभे राहिले. १९९१ मध्ये फ्रीवे पाडायला सुरुवात झाली. त्याच वर्षी अ‍ॅग्नोस निवडणूक हरले, आणि चायनाटाउनची नाराजी हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

आता दुसरी बाजू बघा. फ्रीवेच्या मागे १८९८ ची फेरी बिल्डिंग झाकली गेली होती. एकेकाळी तिथे बोटीच्या प्रवाशांची झुंबड असायची. १९३६ मध्ये बे ब्रिज झाला, पुढच्या वर्षी गोल्डन गेट पूल झाला आणि ती गर्दी ओसरली. फ्रीवे गेल्यावर काठ मोकळा झाला. शेतकरी बाजार सुरू झाला. २००३ मध्ये इमारत दुरुस्त होऊन खाद्यपदार्थांच्या दुकानांचं मार्केट म्हणून पुन्हा उघडली.

म्हणजे शहराचा फायदा झाला का? झाला. पण तारखा नीट बघा! चायनाटाउनचा तोटा १९८९ मध्येच सुरू झाला. फेरी बिल्डिंगचं मार्केट आलं २००३ मध्ये, तेही दुसऱ्या जागी, दुसऱ्यांच्या गल्ल्यात. चायनाटाउनला मेट्रोचं स्टेशन मिळायला तर २०२२ उजाडलं.

आपल्याकडे बायपास झाला की जुन्या हायवेवरच्या ढाबेवाल्याचं हेच होतं. विकास होतो, पण तो आपल्याच दारात होईल याची गॅरंटी नाही.

म्हणून आजपासून तीन कामं करा.

एक, सात दिवस प्रत्येक कस्टमरला सहज विचारा, "कुठून आलात? मुद्दाम आलात की जाता जाता?" आणि वहीत टिपून ठेवा.

दोन, 'जाता जाता' येणारे जास्त असतील तर त्यांचे नंबर घ्या, होम डिलिव्हरी सुरू करा, दुकानाचं नाव त्यांच्या तोंडी बसवा.

तीन, भाडेकरार करण्याआधी नगरपालिकेत जाऊन विकास आराखडा बघा. रुंदीकरण, उड्डाणपूल, बायपास, काय प्रस्तावित आहे ते विचारा. आणि निदान सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवा.

रस्ता कस्टमरला एकदा दारात आणेल. तो पुन्हा वाट वाकडी करून आला, तर समजा तो तुमचा कस्टमर.

तुमच्या वहीत काय निघालं, ते कमेंटमध्ये नक्की लिहा!