फोटोतली गर्दी, कोळशातली माणसं

ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातले आदिवासी कोळसा खाणींना विरोध करत सुमारे 300 किलोमीटर चालून रायपूरला आले. त्या पदयात्रेचा वर्तमानपत्रातला फोटो समोर ठेवून मी चारकोलने चित्र काढते आहे. खाणकामगारांना चारकोलने रेखाटणारे चित्रकार प्रभाकर पाचपुते यांची चित्रं मला नुसती पाहायची नाहीत, हाताने समजून घ्यायची आहेत.

पाचपुते 1986 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावात जन्मले. घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. शिल्पकला ते आमच्याच छत्तीसगडमधल्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिकले, पुढे बडोद्याला गेले. 2021 मध्ये वेल्समधला ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार सहा कलावंतांना मिळून दिला गेला, त्यांत ते होते. त्यांचे खाणकामगार आणि शेतकरी अनेकदा थेट भिंतीवर चारकोलने उतरतात. कित्येकांच्या धडावर डोकं नसतंच; तिथे दिवा, घर किंवा एखादं अवजार असतं.

चारकोल म्हणजे जळकी काडी. गुळगुळीत कागदावर ती ठरत नाही, खरखरीत पृष्ठभाग लागतो. कांडी आडवी धरून एकदा फिरवली, की करडा पट्टा उमटतो आणि गर्दी तयार होते. फोटोतही ती तशीच दिसते. खरं काम पुढे आहे. टोकाने एकेक माणूस सुटा करायचा: पुढे झुकलेला खांदा, फलकाच्या काठीवर आवळलेली मूठ, चपलेबाहेर आलेली टाच. उजेड हवा तिथे मऊ खोडरबर दाबून काळं उचलायचं.

चेहऱ्यापाशी हात थांबतो. मागच्या रांगांतले चेहरे छपाईच्या ठिपक्यांत विरघळून गेलेले असतात. पाचपुत्यांची चित्रं मला इथे उलगडतात. ही रिकामी जागा ते खोट्या नाकडोळ्यांनी भरत नाहीत. त्या माणसाचं जे पणाला लागलं आहे, तेच तिथे ठेवतात. मग ते चित्र केवळ सहानुभूतीचं राहत नाही, राजकीय होतं.

आम्ही रायपूरकर खाणींच्या कोळशापासून लांब नाही. सिलतरा-उरला भागातल्या कारखान्यांची काजळी आमच्या गच्च्यांवर बसते. पदयात्रेत किती लोक आले, हे बातमी सांगते. ते काय वाचवायला आले, हे एकेकाला रेखाटताना विचारावंच लागतं. वर्तमानपत्राचा अंक रद्दीत टाकण्याआधी वाचकांनी फोटोतल्या एका तरी माणसाचं चित्र काढून पाहावं.