पायकॉन इंडिया
पायकॉन इंडिया ही पायथन या संगणकीय भाषेत काम करणाऱ्या विकासकांची वार्षिक परिषद आहे. तिचे आयोजन कोणतीही कंपनी नव्हे, तर स्वयंसेवक करतात. पहिली परिषद २००९ साली बंगळूर येथे झाली. २०११ साली ती पुण्यात भरली. त्या वेळी सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना ती तुलनेने जवळ होती. व्याख्यानांसाठी खुले आवाहन केले जात असल्याने विद्यार्थीही वक्ता होऊ शकतो. मात्र ते आवाहन त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचावे लागते. अशा परिषदांच्या प्रसारात स्थानिक गट उपयुक्त ठरतात. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील ‘वालचंद लिनक्स युझर्स ग्रुप’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा विद्यार्थ्यांचा गट आहे.