एडवर्ड एल्गार : स्वतःचे संगीत तबकड्यांवर जपणारा संगीतकार

इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार (१८५७–१९३४) यांचे नाव दोन कारणांसाठी घेतले जाते. ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’, दोन सिंफनी, व्हायोलिन आणि चेलोसाठीचे कंचेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) यांनी त्यांनी इंग्लंडच्या संगीताला युरोपात मान मिळवून दिला. शिवाय ध्वनिमुद्रणाचे मोल फार लवकर ओळखून त्यांनी आपल्या बहुतेक महत्त्वाच्या वाद्यवृंदरचना स्वतःच्या संचालनाखाली तबकड्यांवर उतरवल्या. इतक्या सातत्याने हे काम करणारे ते पहिले मोठे संगीतकार होत. आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचना कागदावर लिहिलेली असते आणि वादक ती वाचून वाजवतात. पण लय नेमकी कुठे ताणायची, कुठे पुढे रेटायची, एका स्वरावरून दुसऱ्यावर किती घसरत जायचे, हे कागदावर पूर्णपणे उतरत नाही. एल्गार यांच्या बाबतीत ही उणीव त्यांच्या तबकड्यांनी भरून काढली.

एल्गार यांचा जन्म २ जून १८५७ रोजी वुस्टर शहराजवळच्या लोअर ब्रॉडहीथ या खेड्यात झाला. वडील पियानोचे सूर लावून देत आणि वुस्टरमध्ये त्यांचे संगीताचे दुकान होते. त्या दुकानातली वाद्ये आणि स्वरलिप्यांची पुस्तके हीच एल्गार यांची शाळा. रचनेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते काही काळ एका वकिलाच्या कचेरीत होते. पुढे व्हायोलिनच्या शिकवण्या घेत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि पॉविक येथील मनोरुग्णालयाच्या बँडचे संचालन करत त्यांनी पोट भरले. या बँडमध्ये हाताशी असतील त्या वाद्यांसाठी संगीत लिहावे लागे. कोणते वाद्य कुठे कसे उठून दिसते, याची पक्की जाण त्यांना अशा कामांतून आली.

१८८९ मध्ये त्यांनी कॅरोलाइन अ‍ॅलिस रॉबर्ट्स यांच्याशी विवाह केला. वयाने आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या अ‍ॅलिस हिंदुस्थानात नोकरी केलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या कन्या. त्यांचा जन्म कच्छमधल्या भुजचा. दुकानदाराच्या मुलाशी लग्न करणे त्यांच्या घरच्यांना पसंत नव्हते, पण पतीच्या प्रतिभेवरचा त्यांचा विश्वास कधी डळमळला नाही. स्वरलिपीच्या कागदांवर रेघा आखून देण्यापासून सगळी कामे त्या करत.

यश यायला वयाची चाळिशी उलटावी लागली. १९ जून १८९९ रोजी लंडनमध्ये हान्स रिख्टर यांच्या संचालनाखाली ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ सादर झाल्या. एका मूळ धुनेवर रचलेल्या या चौदा आविष्कारांत एल्गार यांनी पत्नीचे, मित्रांचे आणि शेवटी स्वतःचे शब्दचित्र असावे तसे स्वरचित्र रेखाटले आहे. त्यांतला नववा, ‘निमरॉड’ नावाचा धीरगंभीर भाग, प्रकाशनसंस्थेत काम करणारे त्यांचे मित्र ऑगस्ट येगर यांच्यावर आहे. इंग्लंडमध्ये शोकप्रसंगी आजही तो वाजवला जातो. पुढच्या दशकात ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शस’ (१९००), ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ या संचलनधुना, पहिली सिंफनी (१९०८) आणि व्हायोलिन कंचेर्तो (१९१०) अशा रचना आल्या. १९०४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पहिल्या सिंफनीचे वर्षभरात जगभर शंभराच्या आसपास प्रयोग झाले.

ध्वनिमुद्रणाशी त्यांचा संबंध आला तो कीर्ती शिखरावर असताना. २१ जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी ‘कॅरिस्सिमा’ ही छोटी रचना ध्वनिमुद्रित केली. जाहीर मैफलीत ती वाजण्याआधीच तिची तबकडी तयार झाली होती.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. वादकांसमोर मोठा कर्णा असे. त्याच्या अरुंद टोकाशी बसवलेला पातळ पडदा आवाजाने थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या चकतीवर खाच कोरत जाई. कर्ण्यापर्यंत पोहोचेल तेवढाच आवाज टिपला जाई. म्हणून निवडक वादकांना कर्ण्याभोवती दाटीवाटीने बसवत. मोठ्या आकाराच्या डबल बेस या तंतुवाद्याचे खालचे स्वर उमटत नसत, त्यामुळे त्यांच्या जागी बहुधा ट्युबा हे पितळी वाद्य वाजवले जाई. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच संगीत मावे. मेणाची चकती वाजवून पाहिली की खराब होई, म्हणून तिथल्या तिथे चूक तपासण्याची सोय नव्हती आणि चूक दुरुस्त करण्याची तर नव्हतीच.

या अडचणींमुळे १९१६ मध्ये व्हायोलिनवादक मेरी हॉल यांच्यासह व्हायोलिन कंचेर्तो ध्वनिमुद्रित करताना सुमारे पन्नास मिनिटांची रचना एल्गार यांना चार बाजूंवर बसवावी लागली. कात्री त्यांनी स्वतः चालवली. या कंचेर्तोच्या अखेरच्या भागात एकल व्हायोलिनच्या पाठीमागे तंतुवाद्यांच्या तारा बोटांनी हलकेच छेडलेल्या असतात. कर्ण्याला तो नाजूक आवाज ऐकू गेला नसता, म्हणून त्यांनी तिथे हार्पसाठी वेगळे संगीत लिहिले. यंत्राची मर्यादा मान्य करून आशय वाचवण्याची ही त्यांची पद्धत होती.

पहिल्या महायुद्धानंतर लोकांची आवड पालटली. १९१९ मध्ये चेलो कंचेर्तोचा पहिला प्रयोग अपुऱ्या तालमीमुळे फसला. एप्रिल १९२० मध्ये अ‍ॅलिस गेल्या आणि त्यानंतर एल्गार यांच्या हातून मोठी नवी रचना पूर्ण झाली नाही. मात्र ध्वनिमुद्रणातला त्यांचा रस वाढतच गेला. १९२१ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ग्रामोफोन कंपनीचे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हे रेकॉर्डचे दुकान उघडले, तेव्हा उद्घाटनाला त्यांनाच बोलावले होते.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विद्युत ध्वनिमुद्रण आले. आता पूर्ण वाद्यवृंद सभागृहात आपापल्या जागी बसून वाजवू शकत होता. मंद्र स्वरांपासून अगदी हळू वाजवलेल्या जागांपर्यंत सारे टिपले जाऊ लागले. एल्गार यांनी आपल्या रचना नव्या तंत्राने मुद्रित करायला घेतल्या; त्यांतल्या काही पूर्वी कर्ण्यासमोर केलेल्या होत्या. १९२६ मध्ये ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’, १९२७ मध्ये दुसरी सिंफनी, १९२८ मध्ये चेलोवादक बिअ‍ॅट्रिस हॅरिसन यांच्यासह चेलो कंचेर्तो आणि १९३० मध्ये पहिली सिंफनी अशी ही मालिका आहे. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओचे उद्घाटनही एल्गार यांच्या संचालनानेच झाले. त्या प्रसंगाची छोटी चित्रफीत आज उपलब्ध आहे.

या कामामागे ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायझबर्ग होते. १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेणारे गायझबर्ग ते हेच. व्हायोलिन कंचेर्तो संपूर्ण आणि रचनाकाराच्याच संचालनाखाली मुद्रित व्हावा, यासाठी त्यांनी अवघ्या सोळा वर्षांचे व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांची निवड केली. जुलै १९३२ मध्ये अ‍ॅबी रोडला हे ध्वनिमुद्रण झाले. पंचाहत्तरीतले एल्गार आणि कोवळे मेन्युहिन यांच्यातले सामंजस्य त्यात जागोजाग जाणवते. पुढच्याच वर्षी एल्गार विमानाने पॅरिसला गेले आणि तिथे दोघांनी ही रचना सादर केली. हेच मेन्युहिन पुढे पंडित रविशंकर यांच्यासह केलेल्या वादनामुळे भारतीय रसिकांच्या परिचयाचे झाले.

१९३३ च्या शरद ऋतूत एल्गार यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. २२ जानेवारी १९३४ रोजी कंपनीने त्यांच्या वुस्टरच्या घरातली खोली टेलिफोनच्या तारांनी अ‍ॅबी रोडशी जोडली. तिकडे संचालक लॉरेन्स कॉलिंगवूड एल्गार यांच्या ‘कॅरॅक्टकस’ या रचनेतले भाग वाजवून घेत होते. इकडे एल्गार अंथरुणावर पडल्या पडल्या ते ऐकून लयीबद्दल सूचना देत होते. २३ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

या तबकड्यांतून ऐकू येणारे एल्गार नंतरच्या अनेक संचालकांपेक्षा वेगळे आहेत. त्यांच्या रचनांभोवती राजेशाही थाटाचे वलय आहे, पण स्वतः संचालन करताना ते भारदस्तपणासाठी थबकत नाहीत. लय बरीच जलद असते आणि ती सतत हलती राहते. एकाच ओळीत ती पुढे झेपावते आणि लगेच सैल होते. तंतुवाद्ये स्वरांमधून मोकळेपणाने घसरत जातात. ती पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ लोपली. संचालक जॉर्ज सोल्टी यांनी १९७० च्या दशकात एल्गार यांच्या सिंफनी ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी या तबकड्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांची लय रूढ पद्धतीपेक्षा जलद ठेवली. विद्युत तंत्राने केलेली एल्गार यांची ध्वनिमुद्रणे पुढे सीडीवरही आली. एल्गार वाजवू पाहणाऱ्याला आज छापील स्वरलिपीबरोबर रचनाकाराने स्वतः केलेला तिचा अर्थही ऐकता येतो. त्या पिढीतल्या फार थोड्या संगीतकारांनी असा वारसा मागे ठेवला आहे.